फोनवरची हर्षाली

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला की त्या बयेचा फोन यायचाच. गच्चीवर ओलं धोतर अंथरलेलं, पातेल्यात ज्वारीचं पीठ रटरटतंय, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट, आणि कठड्यावर ठेवलेला फोन कोकलायला लागतो. नाही घेतला तर परत. परत नाही घेतला तर परत. शेवटी मी वाकून नाकाच्या शेंड्याने तो सुरू केला.

"नमस्कार हर्षालीताई! शतंजीव आरोग्य कवचमधून सुखदा बोलतेय. दोन मिनिटं गप्पा मारू या का?"

"मार बाई, मार," मी म्हटलं.

आता माझं नाव काही हर्षाली नाही. हर्षाली माझी लेक. मी ज्योत्स्ना वासुदेव फालक, राहणार भुसावळ. पण विमा कंपनीच्या फोनवर गेली दोन-अडीच वर्षं मीच हर्षाली होते, आणि त्यात आम्हा मायलेकींना काही वावगं वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. हर्षाली आगगाडीचं इंजिन चालवते. खाजगी मालगाड्या सुरू झाल्यापासून आमच्या भागातली केळी गारेगार डब्यांतून थेट दिल्लीला जातात, त्यातल्या एका कंपनीत ती नोकरीला आहे. इंजिनावर चढण्याआधी या लोकांना आपला फोन लॉबीत, म्हणजे हजेरीच्या खोलीत, जमा करावा लागतो. मग परत येईपर्यंत फोन नाही. बरोबरच आहे ते. पण नोकरीसोबत कंपनीने जो आरोग्य विमा काढून दिला, त्या विमेवाल्यांना हे कोण सांगणार? ते फोन करतच राहिले. पहिल्याच महिन्यात तिच्या साहेबाकडे शेरा गेला, की सदस्य सहकार्य करत नाही.

"आई, मी ड्युटीवर असले की फोन तुझ्याकडे येईल असं करून ठेवते," हर्षाली म्हणाली. "तूच बोल. मीच आहे म्हणून सांग. आपला आवाज तर एकच आहे."

ते खरंच होतं. तिचे बाबा असताना सायकलच्या दुकानातून घरी फोन करायचे आणि आधी विचारायचे, "कोण, ज्योत्स्ना की हर्षू?" मी मुद्दाम "हर्षू" म्हणायची आणि मग बायकोबद्दल काय काय ऐकायला मिळायचं ते मिळायचं! त्यामुळे विमेवाल्यांचा अगदी पहिला, आवाज नोंदवायचा फोनसुद्धा मीच घेतला. त्यांनी सांगितलेली वाक्यं म्हणून दाखवली आणि मोकळी झाले.

सुखदा हे माणूस नाही, यंत्र आहे, हे मला माहीत होतं. पण इतकं गोड यंत्र कुणी करावं का? एकदा मी तिला चांगलीच फैलावर घेतली. "तुला काही कामधंदा आहे की नाही? उठलीस की माझ्या उरावर!" तर म्हणते कशी, "तुमचा राग मी समजू शकते, ताई." घ्या! समोरून कुणी उलटून बोलेल तर भांडणाला मजा. हिच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्के मारायचे.

आणि प्रश्न तरी किती! झोप लागली का, पोट साफ झालं का, काल काय जेवलात, मन उदास आहे का. मी काय, माझंच सांगायची. हर्षालीला इटारसीच्या विश्रांतीगृहात झोप लागली की नाही, ते मला भुसावळात बसून काय ठाऊक? झोप नाही लागली, पाय आखडले, शेवभाजी खाल्ली, असं जे माझं असेल ते ठोकून द्यायचं. शेवटी तिचा तो श्वासाचा व्यायाम. "दीर्घ श्वास घ्या आणि जमेल तितका वेळ 'आ' म्हणा." मी आपली गच्चीत उभं राहून "आऽऽऽ" करायची. शेजारच्या बऱ्हाटेबाई पहिल्यांदा धावतच आल्या होत्या, फालकबाई पडल्या की काय म्हणून.

बिबड्यांच्या त्या दिवशीही मी 'आ' केला. तो मध्येच तुटला. "पीठ लागतंय खाली," म्हणून मी फोन बंद केला.

पीठ खरंच लागलं होतं, चांगलं करपून काळं झालं होतं. बऱ्हाटेबाईंना त्यांच्या घरात वास आला आणि मला पातेल्याशेजारी उभी असून आला नाही. त्याचंही खापर मी सुखदाच्याच माथ्यावर फोडलं.

पुढच्याच आठवड्यात हर्षाली भरदुपारी घरी आली. ड्युटीवर असायची वेळ. बॅग दाराशी टाकली आणि बूटही न काढता जमिनीवर बसली.

"मला इंजिनावरून उतरवलं, आई."

"म्हणजे?"

"विमा कंपनीने लाल शेरा दिलाय. मेंदूचा आजार सुरू झाल्याची शक्यता. कंपवात. पार्किन्सन." ती एकेक शब्द असा बोलली की जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. "तपासण्या होऊन शेरा निघेपर्यंत इंजिन नाही. नाही निघाला तर कायमचं खाली."

माय व! चौतीस वर्षांची पोरगी, घोड्यासारखी धडधाकट. बारावीत असताना बाप गेला, तरी रडत न बसता शिकली. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली सहायक म्हणून राबली आणि गेल्या दसऱ्याला स्वतःचं इंजिन मिळालं. लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, "झालंय ना, सहा हजार अश्वशक्तीचा नवरा आहे." ते इंजिन काढून घेतलं तर या पोरीत उरतं काय?

विमा कंपनीने तिच्या मनगटाला एक पट्टा बांधलेला होता. तो नाडी मोजतो, झोप मोजतो, काय काय मोजतो. आम्हाला वाटलं, त्या मेल्या पट्ट्यानेच चुगली केली. मग सुरू झाली वणवण. भुसावळचे डॉक्टर झाले, जळगावचे झाले, रक्त झालं, मेंदूचे फोटो झाले. सगळं स्वच्छ! पण शेरा काही निघेना. कंपनी म्हणायची, तज्ज्ञाचा दाखला आणा. तज्ज्ञाची तारीख महिन्यानंतरची.

आणि त्या महिन्यात सुखदाने काय उच्छाद मांडला म्हणून सांगू! आधी दिवसाआड यायचा तो फोन आता सकाळ-दुपार-संध्याकाळ. हर्षाली घरातच असायची, पण फोन वाजला की माझ्या अंगावर भिरकावायची. "तूच बोल. त्या बाईचा आवाज ऐकला की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटतो." मग मीच बोलायची. "नाही हो, मी अगदी ठणठणीत आहे. हात थरथरत नाहीत. पडत नाही. सगळे डॉक्टर म्हणतात काही नाही."

"तुमची काळजी मी समजू शकते, ताई. मात्र गेल्या वेळेपेक्षा निरीक्षण किंचित खालावलेलं दिसतंय."

खालावणार नाही तर काय होईल!

मला दुसरा उद्योगच उरला नाही. हर्षाली चहा प्यायला लागली की मी तिच्या कपाकडे बघत बसायची. ती सुई ओवायला लागली की तिच्या बोटांकडे.

"आई, माझ्या हातांकडे बघू नकोस!" ती एकदा ओरडली.

"बघत नाहीये."

"बघतेयस. आणि काय पुटपुटतेस ते मोठ्याने बोल. हल्ली तुझं काही ऐकूच येत नाही."

मी पुटपुटत होते ते देवाशी. काय द्यायचं ते मला दे बाबा, तिला कशाला? दिवसभर माझं तेच चाललेलं. आई दुसरं काय म्हणणार?

अखेर तज्ज्ञाची तारीख उगवली. डॉक्टर अत्तरदे, जळगावचे, मेंदूविकारांतलं मोठं नाव. तरुण होते, पण माणूस शांत. त्यांनी हर्षालीला चालवलं, बोटं आपटायला लावली, डोळे मिटून वास ओळखायला लावले, लिहायला लावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जीव मुठीत धरून बसलेली.

"तुम्हाला कंपवात नाही," ते हर्षालीला म्हणाले. "लक्षण म्हणून एकही नाही. मला कोडं पडलंय ते त्यांच्या शेऱ्याचं. ही आवाजाची चाचणी सहसा इतकी चुकत नाही."

"आवाजाची?" हर्षाली म्हणाली. "पट्ट्याची ना?"

"पट्ट्याला हे कळत नाही. आवाजाला कळतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बघा, बोलायचं म्हणजे छाती, घसा, जीभ, ओठ असे कितीतरी स्नायू एका तालात हलावे लागतात. तो ताल मेंदू राखतो, आणि त्यासाठी त्याला डोपामिन नावाचं रसायन लागतं. कंपवातात ते हळूहळू कमी होतं. हात थरथरायला लागतात ते फार उशिरा. त्याच्या कितीतरी वर्षं आधी आवाज बदलायला लागतो. स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात, त्या थरथरीची लय किंचित हुकते. आवाज बारीक होतो, सपाट होतो. आपल्या कानाला पत्ताही लागत नाही, यंत्राला लागतो. ते तुमची तुलना दुसऱ्या कुणाशी करत नाही. तुमचा पहिला नोंदवलेला आवाज आणि आजचा आवाज, एवढंच बघतं."

"पण त्यांना आवाज मिळाला कुठून?"

"विमेवाले फोन करतात ना? दोन मिनिटं गप्पा, एक लांब 'आ'. त्यासाठीच तर करतात. आजार आधी कळला तर त्यांचंच भलं असतं. पॉलिसी घेताना तुम्ही ते मान्य केलेलं असतं, वाचत कुणीच नाही."

"पण डॉक्टर, मी तर त्या फोनवर कधी..." हर्षाली बोलता बोलता थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी हसले. खरंच सांगते, मला हसू फुटलं. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. पोरीला काही नाही! जे आहे ते माझं आहे! त्या क्षणाला कुणी पेढे दिले असते तर मी दवाखानाभर वाटले असते. हर्षालीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तो बघून माझं हसू थांबलं.

डॉक्टरांना आम्ही सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काकू, जरा चालून दाखवता?" मी चालले. उजवा हात हलतच नव्हता म्हणे, अंगाला चिकटून राहिला. लिहायला लावलं तर अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं. नाकाखाली कॉफीची बाटली धरली, मला वाटलं रिकामीच आहे.

"फार लवकर सापडलंय," ते म्हणाले. "आता एक नवीन औषध आलंय. आत्ताच सुरू केलं तर आजार कितीतरी वर्षं जागच्या जागी थांबवता येतो. महाग आहे, पण विमा असला तर काळजी नाही. काकू, तुमचा विमा आहे?"

माझा कुठला विमा? नोकरदाराच्या पॉलिसीत आईबाप बसत नाहीत. आणि आजार सापडल्यावर नवीन पॉलिसी मला कोण देणार?

भुसावळला परतल्यावर हर्षाली घरात आली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "काही कळवायचं नाही त्यांना."

"काय कळवायचं नाही?"

"त्यांच्या लेखी कंपवात हर्षाली फालकला आहे. राहू दे. हर्षाली फालकच्या नावाने औषध घरी येईल, ते तू घ्यायचं. मी उद्या कचेरीत जाऊन टेबलाचं काम मागून घेते. आवाज तर तुझाच आहे त्यांच्याकडे, कुणाला कळणार?"

"आणि इंजिन?"

"खड्ड्यात गेलं इंजिन."

"थोबाड फोडीन!" मी म्हटलं. म्हणजे ओरडले, पण निघालं ते कुजबुजल्यासारखंच, आणि त्याने माझा संताप आणखी वाढला. "अगं, खोटेपणा आहे तो! आणि खोटं जन्मभर निभावायचं? मी मेल्यावर काय सांगशील त्यांना, माझा आवाज मेला म्हणून?"

"अडीच वर्षं खोटंच बोलत होतो ना आपण?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? तेव्हा माझ्या सोयीचं होतं, आता तुझ्या सोयीचं आहे."

"माझी सोय मला कळते. सरकारी दवाखान्यात जुनी औषधं मिळतात. रांग लावीन."

"जुन्या औषधांनी थांबत नाही, आई. ऐकलंस ना? थांबत नाही!"

एवढं बोलून ती रडायलाच लागली. मीही लागले. दोघींना जेवण सुचलं नाही.

सकाळी ती आंघोळीला गेली तशी मी फोन उचलला. आजवर सुखदाच मला फोन करायची. आज पहिल्यांदा मी तिला केला.

"नमस्कार हर्षालीताई!"

"मी हर्षाली नाही. मी तिची आई. ज्योत्स्ना. आजवर तुझ्याशी मीच बोलत आलेय. आजार मला आहे, तिला नाही. लिहून घे."

"मी समजू शकते, ताई. मात्र तुमचा आवाज नोंदवलेल्या आवाजाशी तंतोतंत जुळतोय. तुम्ही हर्षाली फालकच आहात."

"अगं बये, मी माझ्या लेकीला जन्म दिलाय! मला माहीत नाही होय, मी कोण आहे ते?"

"या आजारात क्वचित गोंधळल्यासारखं वाटू शकतं. घाबरू नका. मी नोंद करून ठेवते."

काय म्हणावं हिला! मी खरं बोलले तर तेही हिच्या लेखी आजाराचं लक्षण. मी "माणूस दे, माणूस दे" म्हणून घोषाच लावला. बराच वेळ सनई वाजली आणि मग कुणी एक साहेब आले, तेही जांभई देत. "मॅडम, सिस्टिममध्ये तर तुम्हीच हर्षाली दिसताय." त्या माणसाशी मी कशी हुज्जत घातली ते माझं मला माहीत. शेवटी तो म्हणाला, एकच मार्ग आहे. मी स्वतःच्या नावानिशी तोंडी निवेदन द्यायचं, ते रेकॉर्ड होईल. मग खऱ्या सदस्याने मनगटाचा पट्टा फोनला टेकवून नवीन आवाज नोंदवायचा. एवढं बोलून त्याने मला परत सुखदाच्याच गळ्यात बांधलं.

"निवेदन सुरू करा," सुखदा म्हणाली.

मी सरळ उभी राहिले. "मी ज्योत्स्ना वासुदेव फालक. हर्षालीच्या नावाने फोनवर मी बोलत होते. पॉलिसीच्या अटी तिलाही ठाऊक नव्हत्या, मलाही नव्हत्या. मला कंपवात आहे."

तोपर्यंत ते वाक्य मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. म्हटलं, आणि मागे वळून पाहते तर हर्षाली दारात उभी. ओले केस, टॉवेल खांद्यावर.

"या निवेदनानंतर तुम्हाला शतंजीवचं कोणतंही संरक्षण राहणार नाही," सुखदा म्हणत होती. "तुम्हाला हे मान्य आहे का?"

"आई, नाही म्हण," हर्षाली म्हणाली. "आई!"

"मान्य आहे," मी म्हटलं.

"धन्यवाद. आता सदस्याने पट्टा टेकवून आजच्या दिवसाबद्दल चार वाक्यं बोलावीत."

मी फोन पुढे केला. हर्षालीने हात मागे घेतले. मी तिचं मनगट धरलं, खेचलं, पट्टा फोनला टेकवला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, लहानपणी औषध पाजताना मिटायची तसे. बोलली की मी उघड्यावर पडणार, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

"आवाज मिळत नाहीये," सुखदा म्हणाली. "कृपया बोला."

"बोल ना गं," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली.

"हर्षू, मी अजून चालतेय, बोलतेय, तुला रागावतेय. पुढे काय होईल ते होईल. पण तू त्या टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघशील आणि रोज मला बघशील, ते मला नाही जमणार. एवढं माझं ऐक. बोल."

"कृपया बोला," सुखदा म्हणाली.

"मी हर्षाली फालक," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "आज... आज माझ्या आईने माझं काही ऐकलं नाही. ती कधीच ऐकत नाही. मला... मला तिच्यासाठी फार भीती वाटतेय. मी काय करू?"

हुंदक्यांनी पुढचं काही कळेना. मला वाटलं, आता ही बया म्हणणार, आवाज अस्पष्ट, पुन्हा बोला. पण ती दोन क्षण थांबली आणि त्याच गोड सुरात म्हणाली, "आवाज स्पष्ट मिळाला. कोणताही दोष आढळला नाही. अभिनंदन, हर्षालीताई, तुम्ही पूर्णपणे निरोगी आहात."

मी फोन बंद केला आणि रडणाऱ्या माझ्या निरोगी लेकीला जवळ घेतलं.